वृद्धांची स्नायुझीज : वयाच्या आड दडलेली कारणे

(आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनाच्या निमित्ताने आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



ज्येष्ठांची एक तक्रार आपण सर्वांनी अगणित वेळा ऐकली असेल. "पायांत जीवच राहिला नाही हो." तिला आपण देत असलेले उत्तरही ठरलेले आहे. "वय झालं आजी, आता असं व्हायचंच." शासकीय सेवेत असताना जवळजवळ तीस वर्षे मी हेच उत्तर देत आलो. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे पुढचा प्रश्न, पुढची तपासणी व पुढचा उपचार हे सर्वच थांबते. केस पांढरे होतात ते वयामुळे, आणि त्यावर कोणी काही करावे असे नाही. पायांतले त्राण जाणे मात्र वयाबरोबरच आणखी चार-पाच कारणांनी घडते. त्यांपैकी निदान दोन कारणे कुटुंबाच्या आणि आरोग्ययंत्रणेच्या हातची आहेत. आज मी प्रामुख्याने त्यांच्याविषयी बोलणार आहे.

नाव उशिरा मिळालेला विकार

वार्धक्यातील स्नायुझिजेला वैद्यकशास्त्राने नाव दिले ते फार उशिरा. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'सार्कोपेनिया' हा शब्द सुचविला. मांस आणि उणीव अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो तयार केला आहे. वयाबरोबर शरीरात होणाऱ्या बदलांत स्नायू घटण्याइतका ठळक आणि परिणामकारक बदल क्वचितच दुसरा असेल, तरीही त्याकडे कोणाचे लक्ष नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेतील रोगवर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र क्रमांक मिळावयास २०१६ साल उजाडले. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना हाडांच्या ठिसूळपणावर व्याख्याने झाली, मोतीबिंदूवर झाली. वृद्धांच्या स्नायूंवर एकही झाल्याचे स्मरत नाही. ज्या विकाराला नाव नसते त्याची केसपेपरवर नोंद होत नाही, नोंद नसली की आकडा नसतो, आणि आकडा नसला की तरतूदही नसते. सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आरंभी या विकाराची व्याख्या स्नायूंच्या वस्तुमानावरून केली जात असे. पुढे असे आढळले की उतारवयात स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटत असेल, तर त्यांची ताकद त्याच्या दुपटी-तिपटीने घटते. म्हणजे प्रश्न केवळ किती स्नायू उरला एवढाच नसून उरलेला स्नायू कसा आहे हाही आहे. म्हणून युरोपीय तज्ज्ञगटाने २०१८ च्या सुधारित व्याख्येत ताकदीला पहिले स्थान दिले. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ती कमी ताकद समजावी. हाताच्या मुठीवरून पायांचे काय कळणार, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु मुठीची पकड ही एकंदर शरीरातील स्नायूंच्या ताकदीची बऱ्यापैकी विश्वासार्ह खूण ठरली आहे.

बळापलीकडचे काम

निरोगी तरुण माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. आपण स्नायूंचा विचार ओझी उचलण्याच्या संदर्भात करतो, पण त्यांची इतर कामेही तितकीच मोलाची आहेत. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू सामावून घेतात. ज्या देशात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, त्या देशाने तरी हे विसरू नये. मधुमेह आणि स्नायुझीज एकमेकींना हात देतात: स्नायू घटले की साखर आवरत नाही, आणि साखर दीर्घकाळ चढी राहिली की स्नायू आणखी खंगतो. दुसरे काम आजारपणातले. अन्न जात नाही अशा दिवसांत जखमा भरण्यासाठी आणि रोगाशी लढण्यासाठी लागणारी प्रथिनांची कच्ची सामग्री शरीर स्नायूंतूनच काढून घेते. दुष्काळात कणगीतले धान्य उपसावे तसेच हे आहे. ज्याची कणगी आधीच तळाला गेलेली, त्याला साधा न्यूमोनियाही झेपत नाही.

भारतासह १७ देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मुठीची पकड पाच किलोंनी कमी असेल, तर पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असल्याचे तीत आढळले. आपल्या देशात हे मोजमाप झालेच नाही असेही नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता, आणि त्यांच्या मुठीची ताकद मोजण्यात आली होती. २०११ च्या जनगणनेत साठीवरील भारतीयांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. २०३६ पर्यंत ती २२ कोटींच्या पुढे जाईल असा शासकीय अंदाज आहे. यांपैकी किती जण स्वतःच्या पायांनी शौचास जाऊ शकतील, यावर लाखो घरांतील सुनांचे, मुलींचे रोजगार आणि नातवंडांच्या शाळाही अवलंबून राहणार आहेत.

आत काय बिघडते?

आता कारणांकडे वळू. पहिले कारण स्नायूत नसून मज्जारज्जूत आहे. मज्जारज्जूतील एकेक चेतापेशी शेकडो स्नायुतंतूंना हुकूम देत असते. साठीनंतर या चेतापेशी हळूहळू कमी होत जातात. एखादी मेली की तिच्या पोरक्या तंतूंना शेजारची पेशी आपल्या पंखाखाली घेते; पण हे किती दिवस चालणार? ज्यांना कोणीच घेत नाही ते तंतू वाळून जातात. यात प्रथम जातात ते जलद आकुंचन पावणारे, झटक्याने जोर लावणारे तंतू. संथपणे, दीर्घकाळ काम करणारे तंतू बरेच दिवस टिकतात. म्हणूनच एखाद्या आजी सपाट रस्त्याने देवळापर्यंत बिनदिक्कत चालत जातात. पण जमिनीवरून उठताना त्यांना भिंतीचा आधार लागतो, आणि ठेच लागली तर तोल सावरता येत नाही. खुब्याचे हाड मोडून आलेल्या रुग्णाच्या हाडांची घनता आपण तपासतो. त्या पडल्या का, हे सहसा विचारत नाही.

दुसरे कारण बांधणीतले. स्नायूतील प्रथिने रोज थोडी मोडतात आणि रोज थोडी नव्याने बांधली जातात. तरुण शरीरात जेवण आणि श्रम या दोन्हींमुळे बांधणीला चालना मिळते. वृद्ध शरीर याच संकेतांना जरा बहिरे होते. तरुणाला एका जेवणात वजनाच्या दर किलोमागे सुमारे पाव ग्रॅम प्रथिन मिळाले की बांधणी पूर्ण वेगाने सुरू होते. वृद्धाला त्यासाठी सुमारे ०.४ ग्रॅम लागते. म्हणजे ज्या वयात भूक कमी होते, नेमकी त्याच वयात गरज वाढलेली असते. याशिवाय स्नायूंची डागडुजी करणाऱ्या राखीव पेशी घटतात, पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका मंदावतात आणि स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबी शिरते. पुरुष संप्रेरके आणि वाढीची संप्रेरके ओसरतात, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. पण ही संप्रेरके किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्याने प्रश्न सुटतो, असे मात्र अनुभवास आलेले नाही.

तिसरे कारण धुमसणाऱ्या दाहाचे. संधिवात, जुनाट श्वसनविकार, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे विकार, हिरड्यांचा पू, या सर्वांत शरीरात मंद आग पेटलेली असते आणि ती मोडणीचे पारडे जड करते. हे तिन्ही बदल थोड्याफार प्रमाणात अटळ आहेत. परंतु तेवढ्यानेच माणूस खाटेला खिळत नाही. त्यासाठी आणखी काही लागते.

विश्रांतीचा घात

येथे मला घरची गोष्ट सांगावी लागेल. माझ्या आत्या सत्तर वर्षे वयापर्यंत गावी एकट्या राहत होत्या. विहिरीचे पाणी शेंदणे, शेण-गोठा, जात्यावर नसले तरी गिरणीपर्यंत डोक्यावर दळण नेणे, हे सर्व त्यांचे त्या करीत. एकदा त्यांना चक्कर आली, तेव्हा आम्ही त्यांना शहरात आमच्या घरी आणले. "आयुष्यभर राबलात, आता काही करायचं नाही," असे बजावून सांगितले. त्या भाजी निवडावयास बसल्या तरी माझी पत्नी ती हातातून घेई. खाली बसू नये म्हणून खुर्ची आणली. खुर्ची कडक वाटते म्हणून मऊ सोफा दिला. चार वर्षांनी त्यांना न्यूमोनिया झाला. अकरा दिवस त्या रुग्णालयात होत्या. उपचार उत्तम झाले, फुप्फुसे स्वच्छ झाली. मी डॉक्टर, छातीचे क्ष-किरण चित्र पाहून समाधानाने त्यांना घरी आणले. त्या अकरा दिवसांत त्यांना एकदाही पलंगावरून उतरवले गेले नव्हते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पडू नयेत म्हणून पलंगाचे कठडे वर केलेले होते. मी ते पाहिले होते आणि मला ते योग्यच वाटले होते. घरी आल्यावर आत्यांना कोणाच्या आधाराशिवाय उभे राहता आले नाही. पुढे दोन वर्षे त्या जगल्या, पण न्हाणीघरापर्यंत स्वतःच्या पायांनी पुन्हा कधी गेल्या नाहीत.

त्यांचे काय झाले ते मला पुढे अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष वाचताना उमगले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सरासरी ६७ वर्षे वयाच्या, पूर्णपणे निरोगी अशा स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले होते. आजार नाही, ताप नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत पायांतील जवळपास एक किलो स्नायू गेला आणि ताकद सुमारे १५ टक्क्यांनी उतरली. तरुणांत एवढी घट होण्यास याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. आणि हे निरोगी लोक होते. ताप, दाह आणि उपासमार यांची त्यात भर पडली म्हणजे काय होत असेल, याचा विचार करावा. उठून बसण्यासाठी जेवढी ताकद किमान लागते, तिच्या जेमतेम वर असलेला माणूस अशा एका आजारात त्या रेषेखाली जातो. कुटुंबीय म्हणतात, "आजारपणानं एकदम म्हातारे झाले." आजारपणाने नव्हे, निम्मे तरी अंथरुणाने.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु त्यामुळे अधिक वृद्ध रुग्णालयात दाखल होणार, आणि दाखल झालेला वृद्ध तेथून स्वतःच्या पायांनी बाहेर पडला की नाही याची नोंद आपण अद्याप घेत नाही.

निष्क्रियतेविषयी बोलताना एक गल्लत टाळावयास हवी. आपल्याकडील लाखो वृद्ध अजूनही शेतावर, रोजगार हमीच्या कामावर, वीटभट्टीवर राबतात. त्यांना व्यायामाचा उपदेश करणे ही थट्टाच होय. त्यांच्या पायांना श्रम आहेत, पण त्या श्रमांना पुरेसे अन्न नाही. दुसऱ्या टोकाला गावाकडून सुरतेच्या, पुण्याच्या, बंगळुरूच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेत आणून बसविलेले आई-वडील आहेत. त्यांना अन्न आहे, श्रम नाहीत. जमिनीवर मांडी घालून बसण्याची आणि उठण्याची जुनी पद्धत हा दिवसातून दहा-पंधरा वेळा आपोआप घडणारा मांड्यांचा व्यायाम होता. ओटा, खुर्ची, कमोड यांनी तो थांबविला. मला जुन्याचे गोडवे गावयाचे नाहीत. धुराच्या चुलीपुढे उकिडवे बसणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये, आणि गुडघे झिजलेल्यांना कमोड हवाच. परंतु जे श्रम गेले त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही.

ताटातील उणीव

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने मिळावीत. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवीत असे वार्धक्यतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाचे २०१३ चे मत आहे. पन्नास किलो वजनाच्या आजींना म्हणजे ५० ते ६० ग्रॅम, एका मुख्य जेवणात सुमारे २० ग्रॅम. हे अशक्य नाही. ज्वारीच्या दोन भाकरी, घट्ट वरणाची वाटी आणि दह्याची वाटी एवढ्यात ते जवळपास भागते. पण प्रत्यक्षात आजींच्या ताटात काय असते? सकाळी चहात बुडवलेली खारी किंवा बटर. दुपारी दात नाहीत म्हणून भाकरी टाळून मऊ भात आणि वरणाचे वरचे पाणी. रात्री "पचत नाही" म्हणून पुन्हा चहाच. आठवड्यात एक-दोन उपवास. त्यांत साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्यातल्या त्यात शेंगदाण्याच्या कुटामुळे खिचडीची थोडी लाज राखली जाते.

यामागे गरिबी आहे, दात आहेत, पण रूढीही आहे. म्हाताऱ्या माणसाने, विशेषतः विधवेने, कमी खावे, हलके खावे, शेवटी खावे, हा समज देशभर वेगवेगळ्या रूपांत आढळतो. बंगालमधील उच्चवर्णीय विधवांना मासे, मांसच नव्हे तर मसूर डाळही वर्ज्य मानली जात असे. ज्या प्रांतात मासळी हाच प्रथिनांचा मुख्य आधार, तेथे या नियमाने स्त्रीच्या शरीराचे काय होत असेल हे सांगावयास नको. नियम आता सैल झाले आहेत. ताटातल्या सवयी मात्र मागे रेंगाळतात.

शासकीय योजनांकडे या दृष्टीने पाहिले तर चित्र संमिश्र दिसते. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ पासून पोट भरण्याची हमी मोठ्या प्रमाणात दिली, पण ती प्रामुख्याने तांदूळ आणि गव्हाची. तमिळनाडूसारखी काही राज्ये शिधापत्रिकेवर सवलतीने डाळही देतात. हे उदाहरण इतरत्र अनुकरणीय आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. केंद्राच्या दोनशे रुपयांचे रोजचे सात रुपयेही होत नाहीत, आणि त्यात पेलाभर दूध येत नाही.

पाळण्यापासूनची शिल्लक

आणखी एक कारण असे आहे की त्याची सुरुवात वृद्धापकाळात होतच नाही. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्य परिचारिकेने १९११ पासून प्रत्येक नवजात बाळाचे जन्मवजन आणि वर्षाच्या वाढदिवसाचे वजन वहीत लिहून ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्यांच्या सहकारी परिचारिका घरोघर जाऊन बाळे तोलीत असत. अनेक दशकांनी संशोधकांनी त्या वह्यांतील व्यक्ती हुडकून काढल्या. तोपर्यंत ती बाळे साठी-सत्तरीला आली होती. त्यांच्या मुठीची ताकद मोजली, तेव्हा जन्मतः कमी वजन असलेल्यांची मूठ वार्धक्यातही दुबळी आढळली. आपण ज्या नोंदवह्यांना कंटाळतो, त्या कोणासाठी लिहिल्या जातात ते सांगता येत नाही, एवढेच या निमित्ताने म्हणतो.

याची पुण्याशी सांगड आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. या आठशे ग्रॅमांच्या फरकात चरबीचा वाटा थोडा होता. स्नायूंची आणि पोटातील अवयवांची उणीव मोठी होती. बाळ दिसते किरकोळ, पण त्याच्या शरीराची घडण आधीच स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक अशी. तीस-चाळीस वर्षे वयापर्यंत स्नायूंची कमाई होते, पुढे ती खर्ची पडते. ज्याची कमाईच तोकडी त्याला दिवाळखोरी लवकर गाठते. तेव्हा गरोदर मातेचा आहार आणि किशोरवयीन मुलींचा मैदानी खेळ हेदेखील वृद्धकल्याणाचेच कार्यक्रम आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

नव्वदीतील दहा जण

मग गेलेले परत येते का? १९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचे, खरोखर जड जाईल असे व्यायाम दिले. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम बंद करताच ती पुन्हा घसरू लागली, हेही त्यांनी नोंदविले आहे. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर वृद्धाश्रमवासीयांवर केलेल्या प्रयोगात काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही दिले. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसत्या पौष्टिक पेयाने काहीच फरक पडला नाही. बाजारात मिळणाऱ्या महागड्या प्रथिनांच्या डब्यांविषयी कोणी विचारले, तर हा निष्कर्ष सांगावा. उपाशी माणसाला व्यायाम देऊ नये. पण बसलेल्या माणसाला नुसते खाऊ घालूनही स्नायू होत नाही.

या विकारावर खास मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. उलट वजन घटविणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी चरबीबरोबर स्नायूही काही प्रमाणात उतरतो. ती घेणाऱ्या ज्येष्ठांनी तर व्यायामाची आणि प्रथिनांची हयगय करता कामा नये. रोजचे चालणे हृदयासाठी उत्तमच आहे, परंतु मांड्यांची ताकद त्याने फारशी वाढत नाही. स्नायूला थोडे जड गेले पाहिजे. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंत धरून टाचा उचलणे, पिशवीत किलो-दोन किलो धान्य घालून ती उचलणे, असे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा, शेवटच्या दोन आवृत्त्या कष्टाने व्हाव्यात इतके. प्रकृती सुधारेल तसे वजन वाढवावे.

घरभेटीत काय पाहावे

आपल्या समुदाय-आधारित तपासणी सूचीत साठीवरील व्यक्तींसाठी उभे राहताना वा चालताना अस्थिर वाटते का, दैनंदिन कामांत इतरांची मदत लागते का, असे प्रश्न आधीच आहेत. ते घाईने 'नाही' लिहून संपवू नयेत. पोटरीचा घेर मोजण्यास शिवणकामाची फीत पुरते. आशियाई निकषांनुसार पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास संशय घ्यावा. पायांना सूज असेल, तर हा घेर फसवतो. लठ्ठ व्यक्तींच्या बाबतीत वजनकाटा आणि फीत दोन्ही फसवतात; पोट सुटलेले आणि मांड्या रिकाम्या, असे रुग्ण शहरांत वाढत आहेत. त्यांच्यासाठी उठण्या-बसण्याची चाचणीच खरी.

सर्व अशक्तपणा स्नायुझिजेचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला तर तो पक्षाघात. तेथे व्यायाम नव्हे, रुग्णवाहिका हवी. काही महिन्यांत वजन भराभर उतरले असेल, तर क्षयरोग, कर्करोग, मधुमेह आणि थायरॉइड यांची तपासणी आधी व्हावी. शाकाहारी ज्येष्ठांत 'ब-१२' ची कमतरता नेहमी आढळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिने वाढविण्याचा सल्ला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनीही आधी तपासून घ्यावे. आणि रुग्णालयातून घरी आलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला भेटावयास गेलात, की औषधांची चिठ्ठी पाहण्याआधी त्यांना म्हणावे, "आजोबा, जरा उभं राहून दाखवता का?"

आता प्रत्यक्ष चाचणी करू. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या घ्या. हात असलेल्या नकोत, आणि भिंतीपासून हलवू नका. दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवायचे, पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे, पाचव्यांदा बसताच घड्याळ थांबवायचे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर नोंद करायची. गुडघे दुखणाऱ्यांनी घड्याळ धरावे. सुरुवात माझ्यापासून करा; मला बहात्तरावे चालू आहे आणि मागच्या महिन्यात अकरा सेकंद लागले होते. कोणीतरी वेळ मोजा.